आधी आपलं ताट बघूया



गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीत माझ्या तीन वर्षांच्या लेकीचं वजन केलं. तीन महिन्यांत वाढ शून्य! मी म्हटलं, "ताई, मागे लागून भरवते, पण जेवतच नाही." ताई म्हणाल्या, "दिवसभरात काय काय खाते, ते लिहा."

लिहिलं. सकाळी चहा-बिस्कीट, दहाला पाच रुपयांचा पुडा, संध्याकाळी आजोबांनी आणलेला दुसरा. मग भूक लागणार कुठून? वर मी मोबाईल दाखवून घास कोंबायची.

आणि पालेभाजी खा म्हणणारी मी? सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी उरलासुरला भात. मला भाजी खाताना तिनं कधी बघितलंच नव्हतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात पाच वर्षांखालची शंभरातली ३६ मुलं कमी वजनाची निघाली. जादा वजनाची चारच, पण आधीच्या पाहणीत ती दोन होती. पुड्यानं एकाचं जेवण तुटतं, दुसऱ्याचं वजन वाढतं.

आता आम्ही सगळे एकत्र जेवतो. आपल्या डोंगरातल्या नाचणीची भाकरी, आमटी, भाजी, कधी अंडं. काय आणि कधी वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते तिचं पोट. आठवडाभर लेक रुसली, आजोबाही रुसले. दिवाळीपर्यंत वजन वाढलं.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना एवढंच लिहून आणा: काल पोरानं काय खाल्लं, आणि आपण काय खाल्लं.