गाडीचे नव्हे, क्विंटलचे ॲव्हरेज काढा

(शिवथर येथील अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलात आणि शिवथर म्हणजे भाताचा मुलूख. पीक वेगळे, पाऊस वेगळा. पण माल वाहणारी पिकअप तीच आणि तिच्यात जळणारे डिझेलही तेच. त्या डिझेलचा हिशोब आज मांडू.

गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत निघतो. गाडी रूळांवर फिरते. चढ नाही, खड्डा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा बरा. आपल्या रस्त्यावर तो मिळेलच असे नाही.

इथला आंबेनळी घाट पाहा. पोलादपूर खाली कोकणात आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर. मालासकट ३ टनांची गाडी १,३०० मीटर वर चढवायची, तर रस्ता कापण्याच्या डिझेलवर आणखी साडेतीन-चार लिटर निव्वळ चढाला लागते. उतरताना ते सगळे वसूल होत नाही. म्हणून कोणी उतारावर गाडी न्यूट्रल करतो. तसे करू नका. जीव धोक्यात जातो. गाडी गिअरमध्ये ठेवली तर इंजिन तिला आवरते आणि नव्या इंजिनांत ॲक्सिलेटर सोडताच डिझेलही बंद होते.

तुमच्याकडे घाट नाही, पण वारा आहे. ताशी ६० ऐवजी ८० ने गाडी हाकली, तर वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पटीहून अधिक होतो. ज्वारीची पोती हौद्यात खाली बसतात. सुटा कापूस मात्र वजन भरण्याआधी हौदा भरतो आणि टपाच्या वर डोंगर उभा राहतो. गाडी हलकी, तरी डिझेल खाते ते यामुळे.

आता खरा हिशोब. समजा, बाजार १०० किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन २००. डिझेल ९० रुपये लिटर धरा. १२ चे ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला १,५०० रुपयांचे डिझेल लागेल. माल ८ क्विंटल असेल तर क्विंटलमागे १८८ रुपये. त्याऐवजी १४ चे ॲव्हरेज देणारी गाडी आणली तर १६१. आणि जुन्याच गाडीत शेजाऱ्याची पोती घेऊन १५ क्विंटल नेले तर? ओझ्याने ॲव्हरेज ११ वर आले असे धरले, तरी १०९. नवी गाडी क्विंटलमागे २७ रुपये वाचवते, शेजारी ७९ वाचवतो! परतताना खत, पेंड आणली तर आणखी वाचतील. मात्र पासिंगपेक्षा जास्त माल भरू नका. टायर आणि पाटे ती बचत खाऊन टाकतात.

पण भावांनो, आपली काटकसर एकीकडे आणि सरकारचा कर दुसरीकडे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला. जगात कच्चे तेल उतरले होते. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला आणि उतरलेल्या भावाचा मोठा हिस्सा तिजोरीत गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला, त्यातूनही डिझेल बाहेर ठेवले. केंद्राचा कर वेगळा, राज्याचा व्हॅट वेगळा. दुकानदार वाहतूक खर्च गिऱ्हाइकावर टाकतो. आपण कोणावर टाकणार? आपल्या मालाचा भाव समोरचा बोलतो. डिझेलवरचा कर शेवटी कापसाच्या पट्टीतूनच वजा होतो.

म्हणून दोन कामे करू. गावात गेल्यावर प्रत्येक फेरीची वही ठेवू : किलोमीटर, लिटर, क्विंटल आणि परतीचा माल. चार घरांनी मिळून गाडी भरू. आणि हंगाम संपल्यावर त्याच वह्या जिल्ह्याच्या बैठकीत टेबलावर मांडू. आमच्या एका क्विंटलवर किती कर बसला, हे आकड्यानिशी विचारू. तोंडी तक्रार उडवून लावता येते, लिहिलेल्या हिशोबाला उत्तर द्यावे लागते.