चार अक्षरें आणि बावीस जागा

आमच्या गांवाचें नांव वेळापूर. वे, ळा, पू, र अशीं चार अक्षरें कोणतेंही शाळकरी मूल बोटांवर मोजून दाखवील. तेंच नांव 'सी' भाषेंतील स्ट्रलेन या फंक्शनकडून मोजून घेतलें, तर उत्तर बहुधा २१ येतें. रोमन लिपींत लिहिलें तर ७. 'महाराष्ट्र' हा शब्दही कानाला चार अक्षरांचाच. पण त्याची लांबी यंत्र ३० सांगतें. यांत यंत्राची चूक नाहीं. तें अक्षरें मोजीतच नाहीं. तें जागा मोजतें.

या जागेस बाइट म्हणतात. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं जी यूटीएफ-८ नांवाची लेखनपद्धति बसविली, तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. आणि येथें व्यंजन हें एक चिन्ह, काना हें दुसरें, मोडलेला पाय हेंही स्वतंत्र चिन्ह. वेळापुरांत अशीं सात चिन्हें आहेत. सात त्रिक एकवीस. आपल्या देशांत १९९१ सालीं ठरलेल्या 'इस्की' मानकांत प्रत्येक चिन्हास एकच बाइट पुरे, म्हणून तेथें हेंच नांव सातांत मावे. ज्यानें त्या हिशेबानें गांवाच्या नांवासाठीं वीस जागा राखल्या, त्याला आपण उदार आहों असेंच वाटलें असेल.

डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सी भाषा रचली. तिच्यांत शब्द म्हणजे बाइटांची एक ओळ आणि तिच्या शेवटीं एक शून्य. लांबी कोठेंही लिहून ठेवलेली नसते. मोडी कागदांत शब्द तोडून लिहीत नसत. वाचणारा ते अर्थावरून तोडीत असे. यंत्रास अर्थ कळत नाहीं, म्हणून हें शून्य. स्ट्रलेन शून्य भेटेपर्यंत चालत जातें व त्या शून्यास मोजीत नाहीं. म्हणून वेळापुरास खरी जागा लागते ती बावीस.

आतां वीस जागांच्या कप्प्यांत हें नांव स्ट्रकॉपीनें उतरविलें, तर काय होईल? आमच्या गांवीं यादवराजा रामचंद्र याच्या काळचा मराठी शिलालेख आहे. पाथरवटाच्या शिळेचा कांठ संपला कीं त्याची छिन्नी थांबतेच. स्ट्रकॉपीची छिन्नी थांबत नाहीं. ती शेजारच्या शिळेवर कोरीत सुटते, आणि तेथें कोणाचें काय लिहिलेलें होतें याची चौकशीही करीत नाहीं. गेट्स नांवाचें फंक्शन असेंच बेबंद होतें. १९८८ च्या नोव्हेंबरांत रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याच्या प्रोग्रामानें ५१२ बाइटांच्या कप्प्यांत ५३६ बाइट ओतून त्या वाटेनें परक्या यंत्रांत प्रवेश मिळविला. तरीही तें फंक्शन भाषेच्या मानकांतून निघावयास २०११ साल उजाडावें लागलें!

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण स्ट्रएनकॉपी वापरतात. तें दिलेल्या संख्येपलीकडे लिहीत नाहीं, हें खरें. पण वीस म्हटलें तर तें सहा चिन्हें पूर्ण उतरवील, 'र' चे दोन तृतीयांश घेईल, आणि शेवटचें शून्य घालणारच नाहीं. पुढें छापतांना 'वेळापू', मग एक फुटकें चिन्ह, मग शेजारच्या कप्प्यांतील मजकूर! असा दाखला घेऊन जाणाऱ्या माणसास टेबलापलीकडून 'हें गांव कोणतें?' असाच प्रश्न येणार. त्याचा मुक्काम तर बदललेला नसतो.

म्हणून आधीं स्ट्रलेननें मोजावें, एक मिळवावें, तेवढी जागा मॅलॉककडून मागावी. ती मिळाली कीं नाहीं हें पाहून मगच उतरवावें, आणि काम सरल्यावर फ्रीनें ती परत करावी, एकदांच.

ओळ जागच्या जागीं सरकवावयाची असेल, तर मात्र मेमकॉपी उपयोगी नाहीं. पंगतींत सर्वांना एक पाट उजवीकडे सरकवावयाचें आहे. डावीकडील पहिला गृहस्थ आधीं उठला तर तो दुसऱ्याच्या मांडीवर बसेल. उजव्या टोकापासून उठविलें तर सारे सुखरूप. मेममूव्ह हा विचार करतें, मेमकॉपी करीलच असें नाहीं.

जागा खरोखरच वाढवितां येत नसेल आणि नांव तोडणें भागच असेल, तर शून्यासाठीं एक जागा आधीं राखून तोडण्याच्या ठिकाणचा, म्हणजे वगळावयाचा पहिला बाइट तपासावा. तो १२८ ते १९१ यांपैकीं असेल तर तो एखाद्या चिन्हाचा मधला तुकडा होय. असा बाइट संपेपर्यंत मागें यावें. एवढ्यानेंही मराठीचें भागत नाहीं. वेळापुराचे पंधरा बाइट घेतले तर चिन्ह कोणतेंच फुटत नाहीं, पण 'वेळाप' उरतें. म्हणून वगळलेलें पहिलें चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा अनुस्वार यांपैकीं असेल, तर आणखी एक अक्षर मागें सरावें. जोडाक्षराच्या मध्यें तोडतांना हाच नियम पाय मोडण्याच्या चिन्हासही लावावा. नाहींतर 'महाराष्ट्र' मधला 'ष' लंगडा न दिसतां अख्खा दिसेल, आणि तो चुकला आहे हें कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं.