एकतीस फुटांचे घर



परप्रांतात मराठीचे घर उभारून ते साठ वर्षे राखणाऱ्या मंडळींसमोर आज एका निराळ्या घराची हकिकत मांडणे उचित ठरेल. ते घर अवघे एकतीस फूट लांब होते आणि पाण्यावर तरंगत होते.

इंग्लंडमधील डर्बी येथे मॉरिस आणि मॅरलिन बेली हे दांपत्य राहत असे. मॉरिस छापखान्यात नोकरीस होते, मॅरलिन करखात्याच्या कचेरीत. राहते घर विकून त्यांनी शिडाची नौका घेतली आणि दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून तिचे नाव ‘ऑरलिन’ ठेवले. जून १९७२ मध्ये ते न्यूझीलंडच्या दिशेने निघाले. दिशा व स्थान निश्चित करण्याची विद्या मॉरिस यांच्यापाशी होती. मॅरलिन यांना तर पोहताही येत नव्हते. बाहेरील जगाची लुडबुड नको, म्हणून मॉरिस यांनी संदेश पाठविणारे रेडिओयंत्र हेतुपुरस्सर बसविले नव्हते.

अटलांटिक ओलांडून, पनामा कालव्यातून ते प्रशांत महासागरात उतरले. ४ मार्च १९७३ च्या पहाटे एका देवमाशाची धडक बसून नौकेला दीड फूट लांबीचे भगदाड पडले. पंप चालविले, भोकात कपडे व उशा कोंबल्या. परंतु तासाभरातच ‘ऑरलिन’ बुडाली. उरला तो एक रबरी तराफा, त्याला बांधलेली लहानशी होडी, थोडे डबाबंद अन्न आणि पाणी.

शिधा संपल्यावर त्यांनी सेफ्टी पिना वाकवून गळ केले. मासे, कासवे, समुद्रपक्षी, जे हाती येईल ते कच्चेच खाल्ले. तहान भागविली ती पावसाच्या पाण्याने. सात जहाजे दृष्टीस पडली आणि त्यांना न पाहताच निघून गेली. मॉरिस आजारी पडले, खचले, स्वतःला दोष देऊ लागले. नौकानयनाचे त्यांचे सारे ज्ञान त्या वाहत्या तराफ्यावर फारसे उपयोगी नव्हते.

अशा वेळी मॅरलिन यांनी दिवसाला शिस्त लावली. ठरल्या वेळी मासेमारी, ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी खेळ. कागदाचे पत्ते केले, दैनंदिनी लिहिली. वहीच्या पानांवर पुढील नौकेचा आराखडा काढला आणि त्या नौकेवर पाहुण्यांना काय वाढायचे, याची यादीही केली. उपाशी माणसांनी मेजवानीचा बेत आखावा, हे वरवर हास्यास्पद वाटेल. पण उद्याचा दिवस आहे, असे मानण्याचा तोच एक मार्ग त्यांच्यापाशी होता.

३० जून १९७३ रोजी, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनंतर, ‘वोल्मी ३०६’ या दक्षिण कोरियाच्या मासेमारी जहाजाने त्यांना वाचविले. तोवर तराफा सुमारे २,४०० किलोमीटर वाहत गेला होता. दोघांनाही नीट उभे राहता येत नव्हते. पुढे ‘ऑरलिन २’ ही नौका प्रत्यक्षात उतरली आणि तिच्यातून त्यांनी पॅटागोनियापर्यंत सफर केली.

संसारात एकाचे बळ सरते तेव्हा दुसऱ्याने घड्याळ चालू ठेवायचे असते. मुलांच्या प्रगतिपुस्तकात या गुणाला रकाना नाही. घरात मात्र तो रोज दिसतो, आणि मुले तो पाहूनच शिकतात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांचा पट घसरतो आहे, ही चिंता सर्वांच्याच मनात आहे. जवळून निघून जाणारी जहाजे मोजून ती दूर होणार नाही. रोजची घंटा वेळेवर वाजली पाहिजे, आणि त्याबरोबरच पुढील साठ वर्षांचा आराखडा आजच कागदावर उतरला पाहिजे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी या घराचे भागीदार व्हावे, हीच नम्र विनंती.