अंडं लहान, घर मोठं

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञान वाचतो ते हौसेनं.

अंडं म्हटलं की आपल्याला कोंबडीचंच आठवतं. पण बाईचं, गाईचंही अंडं असतं, खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान. सस्तन प्राण्यातलं हे अंडं १८२७ साली कार्ल फॉन बेअर यांनी कुत्रीत पाहिलं. त्याआधी १६७२ मध्ये डच वैद्य रेनियर द ग्राफ यांनी अंडाशयावरचे पाणीदार फुगवटे वर्णन केले आणि त्यांनाच अंडी मानलं. खरं तर ती अंड्यांची घरं. त्यांना पुटक म्हणतात.

अंडं या साऱ्यांत जवळपास सारखंच, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. घरं मात्र निराळी. पिकलेलं पुटक उंदराच्या मादीत अर्ध्या मिलिमीटरएवढं, बाईत सुमारे २० मिलिमीटर, घोडीत तर ४०च्या घरात. काळाचंही तसंच. उंदरात ते तीनेक आठवड्यांत पिकतं, बाईत कित्येक महिने लागतात. कुत्रीचं अंडं अपक्वच सुटतं आणि अंडवाहिनीत पिकतं. मांजरीचं आणि सशाच्या मादीचं सुटतं ते नराचा संग झाल्यावर.

हे फरक मोजायचे कशाला? कर्करोग झालेल्या एखाद्या मुलीसाठी. उपचार तिचा जीव वाचवतात, पण अंड्यांचा साठा संपवू शकतात. जन्मताना दहा-वीस लाखांचा असलेला हा साठा पुन्हा भरत नाही. म्हणून उपचारांआधी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात. पण रक्ताच्या कर्करोगात तो परत बसवला, तर रोगही परतण्याची भीती असते. मग अंडं शरीराबाहेरच पिकवता आलं तर? अगदी कोवळ्या पुटकापासून सुरुवात करून उंदरात हे १९९६ साली साधलं, पिल्लूही जन्मलं. माणसाचं अंडं असं पक्व झाल्याचं एडिंबराच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. तिथेही गर्भ घडवलेला नव्हता. घर मोठं, काळ लांब, म्हणून वाटही लांब. त्यामुळेच संशोधक गाय-मेंढीकडेही वळले. गाईचं पुटक बाईच्या पुटकाएवढं वाढतं, आणि तीही बहुधा एका वेळी एकच अंडं सोडते.

गाईला आणि बाईला आपण ‘वांझ’ हा एकच शब्द लावत आलो. त्या दोघींमधलं खरं साम्य या इवल्या घरात आहे, आणि ते उद्या एखाद्या मुलीला आई होण्याची वाट दाखवू शकेल. तो जुना शब्द आता आपण टाकून द्यावा.