पेज कोण ढवळणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'घरचं जेवा आणि रोज धावा' हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. ऐकतो, मान डोलावतो आणि चहात दोन चमचे साखर घालून तो पिऊन टाकतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आज मी या सल्ल्याबद्दलच बोलणार आहे. मात्र मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. रत्नागिरीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणारी बाई आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा हिशोब येणार, तो सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. आईच्या हातचं जेवण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तूप घातलेला मऊ भात, गणपतीत मोजदाद न करता मोदक, मे महिन्यात वाटीवर वाटी आमरस. सगळं घरचं, सगळं शुद्ध, सगळं मायेनं वाढलेलं. वडिलांच्या पायाला झालेली साधी जखम चिघळली आणि शेवटी पाऊल काढावं लागलं. त्यानंतर ते तीन वर्षं जगले. ती सगळी खिडकीतल्या खुर्चीवर गेली. आई शेवटपर्यंत म्हणायची, "मी त्यांना बाहेरचं कधी खाऊ दिलं नाही हो."

सहा वर्षांपूर्वी माझ्या रक्ताचा अहवाल आला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी 'एचबीएवनसी' नावाची तपासणी असते. त्यात ५.७ ते ६.४ हा उंबरठा मानतात, साडेसहा आणि त्यापुढे मधुमेह. माझा आकडा होता ६.२. म्हणजे मी उंबरठ्यावर उभी होते आणि तोंड घराच्या आतल्या बाजूला होतं. डॉक्टर म्हणाले, "जेवणात बदल करा, चाला, जमलं तर हळूहळू धावा." मी म्हटलं, "वेळ कुठाय?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून परत फिरता येतं, हेही आपल्याच देशात दिसलं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाचशेहून अधिक लोकांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. आहारात बदल आणि रोजचं भरभर चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे अठ्ठावीस टक्क्यांनी कमी झालं. औषधाची गोळी न घेता!

तेव्हा उपाय होता. नव्हता तो वेळ.

आपल्या रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. तरुणपणी प्रकृती तोळामासा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिलं वर्ष पुस्तकं बाजूला ठेवून तालीम, पोहणं आणि नाव वल्हवणं यांत घालवलं. अभ्यासाचं ते वर्ष वाया गेलं, पण कमावलेलं शरीर पुढं मंडालेच्या तुरुंगापर्यंत उपयोगी पडलं. गोष्ट सांगून झाली की मी मुलांना म्हणते, "बघा, शरीरासाठी वेळ काढावा लागतो." त्या वर्षी ही गोष्ट सांगताना मात्र माझीच जीभ अडखळली. टिळकांनी वर्ष काढलं. मला रोजचा एक तास काढता येत नव्हता.

मग मी गणिताच्या बाईला शोभेल असं केलं. वेळापत्रक लिहिलं. सकाळी साडेपाच ते साडेआठ चहा, न्याहारी, तीन डबे, सासूबाईंची पेज. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ चिरणं, निवडणं, स्वयंपाक, वाढणं, झाकपाक. बेरीज सहा तास. शेजारी आमच्या ह्यांचं वेळापत्रक लिहिलं. सकाळी पाऊण तास वर्तमानपत्र, संध्याकाळी दीड तास बातम्या. वादाचा एक शब्द न लिहिता तो कागद फ्रीजवर चिकटवला.

हे काही आमच्याच घरचं चित्र नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं राबत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि पुरुषांचा हा आकडा फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आहे. जे हात लावत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

म्हणून मला वाटतं, 'घरचं जेवा आणि रोज धावा' हे वाक्य अर्धवट आहे. घरचं जेवण कोणाच्या तरी तासांतून तयार होतं. धावायलाही तास लागतो. एकाच माणसाकडून दोन्ही तास मागितले, तर त्यातला एक बुडणारच. बुडतो तो बहुतेक धावण्याचा, आणि बहुतेक बाईचाच.

तीन दिवस कागदाकडे कोणी पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंनी तो वाचला. तेव्हा त्यांचं वय सत्त्याहत्तर. म्हणाल्या, "आम्ही कुठं धावलो गो? विहीर, जातं, लावणी, त्यातच जन्म गेला. पण जेवलो सगळ्यांच्या मागून, भांड्यात उरेल ते. कोणी विचारलं नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "तू जा. पेज मी याच्याकडून करून घेते."

'याच्याकडून' म्हणजे आमच्या ह्यांच्याकडून. दुसऱ्या दिवशी पहाटे बँकेतला हा जबाबदार अधिकारी ओट्यासमोर उभा राहिला. त्यानं नाचणीचं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं. गोट्या खेळता येतील एवढाल्या गुठळ्या झाल्या. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "आधी गार पाण्यात कालव, मग आधणात सोड आणि हात थांबवू नको." पन्नाशीच्या मुलाला त्या पहिल्यांदाच स्वयंपाक शिकवत होत्या. मी दारात बूट घालत ते ऐकत होते. खरं सांगते, तेव्हा धावायला जावंसंच वाटेना.

पण गेले. पूल ओलांडून भाट्याच्या किनाऱ्यावर. पहिल्या दिवशी सुरूच्या बनापाशी शंभर पावलं धावले आणि वाळूत बसले. मग पद्धत ठरवली. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. वेग एवढाच की धावताना बोलता यावं. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे, असं समजायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम करायला सांगते. मला दीडशेपर्यंत पोचायला दोन महिने लागले. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी आधी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावं. गुडघे कुरकुरत असतील तर भरभर चालणंही पुरतं.

पंजाबी ड्रेस आणि बूट घालून धावणारी बाई पाहून एक मासळीवाली टोपली सावरत म्हणाली, "अगो बाय, कोण लागलंय मागं?" मी म्हटलं, "साखर!" ती खदखदून हसली. पुढं रोजची ओळख झाली.

लोक बघतात, या भीतीनं बायका धावत नाहीत. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन कधी सुरू झाली, ठाऊक आहे? १९८४ मध्ये! बाईला एवढं अंतर झेपणार नाही, हे तोवर इतरांनीच ठरवून टाकलं होतं. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, जगात दहावी आली. मला दहावं यायचं नव्हतं. मला झरीविनायकापर्यंत जाऊन परत यायचं होतं.

किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटी हवी. ओली, घट्ट वाळू पायांना मानवते, कोरडी वाळू पोटऱ्या भरून आणते. इथं आपलं जुनं कोकणी गणित कामाला आलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी आणि समोर लांबरुंद मैदान. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहालाच समुद्र सुरूंच्या पायाशी. त्या दिवसांत मी थिबा राजवाड्याकडचा चढ धरते. पावसाळ्यात इथं तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तेव्हा पडवीत दोरीवरच्या उड्या आणि शाळेचे जिने.

आता जेवणाकडे येते. घरचं म्हणजे आपोआप पौष्टिक नव्हे, हे मी वडिलांच्या खुर्चीकडे बघून शिकले. तळलेले गरे घरचेच असतात, पापड, लोणचं, खारवलेली मासळीही घरचीच. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी हवं. नुसत्या पापड-लोणच्यात त्यातला केवढा तरी भाग संपतो.

आम्ही नवं काही आणलं नाही. आपल्याकडं होतं तेच ताटात पुढं सरकवलं. भात एक वाटी, मोजून, आणि तोही उकड्या तांदळाचा. रात्री नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा अगदी किरकोळ अंश. पन्नाशीकडं झुकणाऱ्या बायकांच्या हाडांना हे हवंच. पण नाचणी चांगली म्हणून वाडगेच्या वाडगे आंबील प्याल तर साखर वाढणारच. पिष्ट ते पिष्टच. सोबत कुळथाचं पिठलं. कुळथात शेकडा वीस-बावीस भाग प्रथिनं असतात. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तळून नव्हे, तिरफळं घालून कालवणात. पावसात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला. सोलकढी बिनसाखरेची. आणि हापूस? हापूस सोडा म्हणणारा डॉक्टर रत्नागिरीत टिकायचा नाही! आम्ही आमरसाची वाटी बंद केली. अर्धा आंबा चिरून, जेवणाच्या ताटातच, आणि त्या दिवशी भात निम्मा.

आणखी एक बदल केला, तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. आता आम्ही एकदम जेवायला बसतो. मागाहून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भात उरतो, मासळी आणि भाजी उरत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त स्त्रियांना तो होता. त्याची कारणं अनेक असतील, पण तळाला उरलेलं भांडं त्यांतलं एक नक्की आहे.

वर्षानं माझा आकडा ५.८ झाला. गेल्या वर्षी लेकीची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण यांत धावणं सुटलं आणि तो पुन्हा सहावर गेला. परत सुरू केलं आहे. हे असंच चालायचं. एकदा जिंकून घरी बसता येईल अशी ही शर्यत नाही. सासूबाई आता नाहीत. पण ह्यांची नाचणी आता गुठळ्यांशिवाय होते, आणि आंबील कशी करायची हे ते बँकेतल्या तरुण पोरांना सांगतात, म्हणे.

श्रोतेहो, हे ऐकून उद्यापासून धावायचं तुमच्यातल्या कोणी ठरवलं, तर मला आनंद होईल. पण बूट विकत घेण्याआधी एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचा दिवस त्यावर लिहा, अगदी खराखुरा. मग सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न सोडवा. पहाटे घरातली बाई धावायला गेली, तर पेज कोण ढवळणार?

उत्तर सापडलं, तर निम्मं अंतर तिथंच कापलं गेलं असं समजा.