गवती चहाचा ठोंब

कुणी याला गवती चहा म्हणतं, कुणी पातीचा, कुणी हिरवा चहा. अम्मीने तो आमच्या नालासोपाऱ्याच्या घरामागे लावला होता. याला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. ठोंबातूनच ठोंब करायचा. पावसाच्या तोंडावर जुना ठोंब खणावा, मुळांसकट दोन-तीन फुटवे हाताने सोडवावेत, पाती वीतभर ठेवून छाटावी आणि हातभर अंतरावर लावावेत. बुडाशी पाणी मात्र साचू देऊ नये. बाकी याचे काही लाड नाहीत. कापाल तेवढी पात पुन्हा येते. तीन-चार वर्षांत ठोंब दाटतो, मधून वाळू लागतो. मग तो फोडावाच लागतो, आणि फोडला की वाटावा लागतो. अम्मी साखर मोजून उसनी देई; ठोंब मागेल त्याला.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं. आमच्या परसातलं पाणी हटेना. ठोंब कुजला. अम्मी त्याआधीच गेली होती. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. श्रावणात शेजारच्या वाडीतली मावशी वर्तमानपत्रात गुंडाळून चार फुटवे घेऊन आली.

"तुझ्या अम्मीनेच दिलेले," म्हणाली. "आता जरा उंचावर लाव, बाबा."