उष्णता जाते कोठें?

वैशाखांतील दुपार कशी असते, हें जळगांव-धुळ्याच्या माणसास सांगावयास नको. पारा ४४–४५ अंशांपर्यंत चढतो, रस्ते ओस पडतात आणि घरोघरीं कूलर घरघरूं लागतात. अशा वेळीं जळगांवांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतील मुलगा संगणकावर नकाशे काढून चार पैसे मिळवितो. काम उद्यां द्यावयाचें आहे, आणि भर दुपारीं यंत्र आपोआप बंद पडतें. तें बिघडलेलें नसतें. फार तापल्यामुळें त्यानें स्वतःचें रक्षण केलेलें असतें. मग एखादा मित्र सुचवितो, “यांत पाणी खेळव.” सूचना वेडगळ नाहीं. परंतु ती अंमलांत आणण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे: ही उष्णता अखेर जाणार कोठें?

पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें केवळ तिचें ओझें वाहतें. मात्र हा हमाल मोठा दणकट आहे. एक लिटर पाणी एका अंशानें तापविण्यास सुमारें ४,१८६ ज्यूल उष्णता लागते. तितक्याच आकारमानाच्या हवेस तिचा तीन हजारांवा हिस्साही लागत नाहीं. संगणकाचा प्रोसेसर २०० वॅट उष्णता टाकीत असेल आणि त्यावरून मिनिटास एक लिटर पाणी वाहत असेल, तर तें पाणी तीन अंशांहूनही कमी तापतें. द्रवाच्या याच सामर्थ्यामुळें पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेंतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांतही प्रोसेसरची उष्णता द्रवाकरवींच बाहेर काढतात.

घरगुती योजनेचा संसार आटोपशीर असतो. प्रोसेसरवर बसविलेली तांब्याची पोकळ वडी, एक लहान पंप, टाकी, नळ्या आणि मोटारगाडींत असतो तसा पंखा लावलेला रेडिएटर. पण रेडिएटर आपली उष्णता खोलींतील हवेसच देतो. हवा ४४ अंशांवर असेल, तर पाणी त्याखालीं कधींच उतरणार नाहीं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आपला वेग आवरतो, म्हणून पन्नास अंशांचें पाणीही उपयोगी पडतें. परंतु खोली बंद असेल तर ती तापत जाते, आणि तिच्याबरोबर पाणीही. म्हणून पंप विकत घेण्यापूर्वीं यंत्रांतील धूळ झाडावी आणि खोलींतील गरम हवेस बाहेर जाण्यास वाट द्यावी. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें.

याहून अधिक गारवा हवा असेल, तर माठाकडे पाहावें. खानदेशचा उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरड्या हवेंत पाणी वाफ होतांना आपली उष्णता घेऊन जातें. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडांत गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा २३–२४ अंशांवर येऊन थांबतो. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रांतील मनोरे याच तत्त्वावर चालतात: गरम पाणी वरून धारांनीं पडतें, थोडें वाफ होतें, उरलेलें निवतें. घरच्या कूलरची टाकी म्हणजे त्याच मनोऱ्याचें धाकटें भावंड. तिच्यांत तांब्याच्या नळीचें वेटोळें बुडवून संगणकाचें पाणी त्यांतून फिरवावें. २०० वॅटसाठीं ताशीं सुमारें ०.३ लिटर पाणी अधिक उडून जाईल, इतकेंच.

मात्र कूलरचें पाणी संगणकाच्या नळ्यांत घेऊं नये. आपल्या विहिरींच्या क्षारांनीं केळीच्या बागांतील ठिबकाचीं छिद्रें बुजतात आणि शेतकऱ्यास आम्ल सोडून तीं मोकळीं करावीं लागतात. पांझरेकांठच्या फडांतही पाट गाळानें भरला, तर शेवटच्या शेतास पाणी पोंचत नाहीं. तांब्याच्या वडींतील पन्हाळी तर याहून कितीतरी बारीक. म्हणून आंत ऊर्ध्वपातित पाणी आणि गंज रोखणारें द्रव्यच असावें. तांबें व अ‍ॅल्युमिनियम एकाच फेऱ्यांत आणूं नयेत. त्यांच्या सहवासांत अ‍ॅल्युमिनियम झिजतें. टाकींत बर्फ टाकण्याचा मोहही आवरावा. नळ्या फार गार झाल्या, तर त्यांवर दंव धरून थेंब यंत्रावर पडतील.

पंप शक्यतों १२ व्होल्टचा घ्यावा. कूलरचा पंप २३० व्होल्टवर चालतो. त्याचें भूसंयोजन नीट नसेल, तर पाण्यांत घातलेल्या हातास धोका. सर्व जोडणी झाल्यावर संगणकास वीज न देतां केवळ पंप चोवीस तास चालवावा आणि प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद ठेवावा. कागद कोरडा राहिला, तरच यंत्र सुरू करावें. एक सैल सांधा हजारों रुपयांचें यंत्र, आणि त्याबरोबर घरची मिळकतही, बुडवूं शकतो.

तेव्हां ज्या मुलास काम उद्यां द्यावयाचें आहे, त्यानें आज रात्रीं घाईनें नळ्या जोडूं नयेत. यंत्र दुपारीं विसांवा घेऊं द्यावें आणि आपण पहांटे उठून काम पुरें करावें. पहांटेची हवा खानदेशांतही गार असते. पाण्याची योजना सवडीनें, कागद कोरडा राहील अशी करावी.